आइसलंडच्या राजधानीत, रेक्याविकमध्ये चार रात्री राहायचंय, गाडी घेणार नाही. कुठला भाग बरा?

गाडी नसेल तर पिन कोड १०१ मध्ये किंवा त्याला अगदी लागून राहा, शक्यतो लॉगावेगुर या मुख्य बाजाररस्त्याच्या दुकानांच्या पट्ट्याच्या पूर्व टोकाला, ह्लेम्मुर चौकाच्या आसपास. शहराचा गाभा इतका छोटा आहे की तिथून हाल्ग्रिम्सकिर्क्या चर्च दहाएक मिनिटांत पायी गाठता येतं आणि बंदरही चालत जाण्याजोगं आहे. शिवाय गोल्डन सर्कल (शहराबाहेरच्या निसर्गस्थळांची फेरी) किंवा नॉर्दर्न लाइट्सच्या सहलींच्या मोठ्या बसना मध्यवस्तीच्या गल्ल्यांत बंदी आहे. त्या ठरलेल्या क्रमांकाच्या थांब्यांवरूनच माणसं घेतात. म्हणून बुकिंग करण्याआधी नकाशावर हॉटेलपासूनचा सर्वांत जवळचा थांबा बघा. जानेवारीत पहाटे बर्फावरून बॅग ओढताना पाचशे मीटरही फार लांब वाटतात! विमानतळ केफ्लाविकला, सुमारे ५० किलोमीटरवर आहे; तिथून येणाऱ्या बसलाही हेच लागू.

लॉगावेगुरचं पश्चिम टोक मात्र शुक्रवार-शनिवारी टाळा, बारचा गोंगाट पहाटेपर्यंत चालतो. बाहेरचं जेवण खिसा रिकामा करतं, त्यात शाकाहारी असाल तर स्वयंपाकघर असलेली खोलीच घ्या. बोनुस या स्वस्त सुपरमार्केटमधून सामान आणून खिचडी टाकता येते. जून-जुलैत जाणार असाल तर रात्रीच्या उजेडासाठी जाड पडदे आहेत का ते विचारा. गरम पाण्याला गंधकाचा वास येतो, त्यासाठी खोली बदलून मागू नका, सगळीकडे तेच आहे.

बेत बदलून गाडी घेतलीत, तर हा सल्ला उलटा: मध्यवस्तीत पार्किंगला पैसे पडतात, तेव्हा लॉगरडालुर भागाकडे, मोठ्या जलतरण तलावाजवळ बघा.