सुतळीवरचं रोप कुणाचं?

प्रश्न : आमच्या महसूल मंडळात सोयाबीनचे दहा-बारा पीक कापणी प्रयोग होतात आणि त्यावर सगळ्यांचा पीकविमा ठरतो. माझं पीक हातचं गेलं, पण मंडळाचं सरासरी उत्पादन उंबरठ्याच्या (ज्याच्या खाली गेलं तरच भरपाई मिळते त्या पातळीच्या) वर आलं. मोजक्या शेतांवरून सगळ्यांचं कसं कळतं?
– एक शेतकरी, औसा (जि. लातूर)

उत्तर : दादा, कृषी खात्यात असताना असे प्रयोग मी वर्षानुवर्षं केले आहेत. आमचा प्लॉट 10 बाय 5 मीटरचा असायचा. शेत आणि शेतातली जागा, दोन्ही रँडम आकड्यांनी ठरायचं. चार खुंट्या, ताणलेली सुतळी, कापणी, मळणी, वजन. सगळ्यात जास्त वाद व्हायचा तो सुतळीवर आलेल्या रोपावरून. ते आत धरायचं की बाहेर?

हा वाद जुना आहे. पूर्वी नजरेनं आणेवारी लावत, म्हणजे पीक किती आणे आलं याचा अंदाज बांधत. बंगालमध्ये संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी तागासाठी नमुना पाहणीची पद्धत बसवली. त्यांचा भर लहान लहान प्लॉटवर होता, म्हणजे कमी खर्चात पुष्कळ ठिकाणं बघता येतात. त्यावर आक्षेप घेतला दुसरे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग सुखात्मे यांनी. ते आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. 1940 च्या दशकात त्यांनी एकाच पिकात लहान-मोठे प्लॉट कापून दाखवलं, की प्लॉट फार लहान असला तर मोजलेलं उत्पादन खऱ्यापेक्षा फुगतं.

कारण कडेला आहे. समजा लहान प्लॉट म्हणून 60 सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ घेतलं, तर त्यात दर चौरस मीटरला जवळजवळ 3.3 मीटर कड येते. आमच्या 10 बाय 5 च्या प्लॉटला दर चौरस मीटरला कड फक्त 60 सेंटिमीटर. कडेवरचं रोप कापणाऱ्याच्या हातून आतच ओढलं जातं. त्यात लबाडी नसते, भरलेलं रोप सोडवत नाही. पण उत्पादन फुगलं की भरपाई घटते, म्हणून मला या रोपाची फार काळजी वाटते.

आता संख्येचं. सरासरी किती भरवशाची, हे मंडळ केवढं आहे यापेक्षा प्रयोग किती आणि शेताशेतांत फरक किती, यावर ठरतं. चूक निम्मी करायची तर प्रयोग चौपट लागतात. औशात एक शिवार भिजतं नि शेजारचं कोरडं राहतं, तिथे दहा-बारा मला कमीच वाटतात.

पण तुमच्या शेताचं काय झालं, हे ही पद्धत सांगतच नाही. ती बनली मंडळाच्या सरासरीसाठी. एकट्याच्या नुकसानीला वेगळं मोजमाप लागतं आणि ते बसवण्याचं काम माझ्या मते अजून अर्धवट आहे.

पुढच्या हंगामात शिवारात प्रयोग असेल त्या दिवशी तिथे उभे राहा. जागा आकड्यांनी काढली का, सुतळी ताणलेली आहे का, बघा. आणि रोपाचं बूड बघा. बूड सुतळीच्या आत असेल तरच ते रोप प्लॉटचं, शेंडा कुठेही झुकलेला असो.