खिडकीला लावलेले पेपर

चि. मित्रा,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्री वाचला. अभ्यासिकेतली पोरं आपल्यावर पाळत ठेवून आहेत, मेसच्या भाजीत काहीतरी कालवतात, असं तुझा रूममेट म्हणतो. तू तासभर पुरावे देऊन त्याला पटवत बसलास आणि भांडण झालं. होणारच. तो संशय वादानं जात नाही. पण हो ला हो पण करू नकोस. "मला तसं दिसत नाही, पण तू घाबरलायस हे कळतंय," एवढं म्हण आणि झोपेकडे वळ. "चार रात्री जागा आहेस, झोपेसाठी तरी डॉक्टरांना दाखवू." याला तो तयार होईल, कारण यात त्याला कुणी वेडा म्हटलेलं नाही.

मी रेक्टर होतो तेव्हा एका मुलानं खोलीच्या खिडकीला आतून पेपर चिकटवले. खळ लावून, पार कोपऱ्यापर्यंत. मला वाटलं, पोरगा अभ्यासाला लागला! इतरांना त्याचं उदाहरणही दिलं. दीड महिन्यानं वडील भेटायला आले, तर तो त्यांनाही दार उघडेना. पुढे उपचारांनी सावरला. पण ते दीड महिने मी वाया घालवले, आणि अशा संशयाच्या मानसिक आजारात उपचार जितके लांबतात तितकं सावरणं जड जातं.

म्हणून आजच वहीत तारखा लिही. झोप कधी उडाली, जेवण कधी सुटलं, अंघोळ, फोन, एकट्यानं बोलणं. गांजा ओढत असेल तर तेही डॉक्टरांना सांग. पुण्याच्या ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. केसपेपर काढायला रांगेत तू उभा राहा, त्याला बाकावर बसव.

"कुणाला सांगणार नाही" अशी शपथ मात्र घेऊ नकोस. घरी कळवावंच लागेल. ते आधी देवऋषाकडे नेतील कदाचित. त्यांच्याशी भांडू नकोस. अंगारा लावा, पण गोळी चुकवू नका, असं सांग. (मी हे वाक्य कितीतरी आयांना सांगितलंय, एकीनंही वाईट मानलं नाही.)

मरणाची भाषा आली तर सरळ विचार, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर हो आलं तर त्याला एकटं सोडू नकोस, तडक इस्पितळ गाठ. रात्री-अपरात्री काही सुचेना झालं तर १४४१६ वर टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, फुकट, मराठीतही बोलतात. तुझ्यासाठीसुद्धा तो नंबर चालतो.

आज मेसला तो आला नाही तर डबा घेऊन ये. झाकण त्याच्यासमोर उघड, आणि पहिला घास तू खा.

तुझा,
सर