बाहीचं बिनसतं कुठे?

प्रश्न : कोपरापर्यंतच्या बाहीचा ब्लाउज अंगात छान बसतो, पण हात वर केला की अख्खा ब्लाउज वर सरकतो आणि दंडावर काचतो. दंडघेर तर बरोबर आहे. मग चूक कुठे?

उत्तर : बहुतेक वेळा मुंढ्यात, म्हणजे बाही जोडायच्या गोल भोकात. मुंढा काखेच्या फार खाली उतरला, की हात उचलताना बाही बाजूची शिलाई ओढते आणि ब्लाउज सोबत वर जातो. ‘मुंढा घट्ट आहे’ म्हणून तो आणखी खोल कापतात, त्याने त्रास वाढतोच. मुंढा काखेच्या साधारण अर्धा इंच खाली थांबायला हवा.

दुसरं कारण बाहीच्या गोलाव्याची, म्हणजे मुंढ्यात जोडल्या जाणाऱ्या वरच्या वळणदार भागाची, उंची. उंच गोलावा हात खाली असताना देखणा दिसतो, पण हात वर जाऊ देत नाही. उंची ४ इंच असेल तर साडेतीन करा आणि काखेपाशी बाही दोन्ही बाजूंनी पाव-पाव इंच रुंद करा. मग टेप कडेवर उभी धरून गोलावा आणि मुंढा दोन्ही मोजा. गोलावा अर्धा ते पाऊण इंच जास्त हवा. साध्या बाहीत त्याहून जास्त भरला तर खांद्यावर चुण्या येतात.

शिवून झालेल्या ब्लाउजला मुंढा वर घेता येत नाही. तिथे काखेत तुकडा घाला. बाजूची आणि बाहीची शिलाई काखेपासून २-२ इंच उसवा. माया (शिलाईच्या आत जाणारं जादा कापड) धरून ३ इंचांचा चौकोन कापून एक कोपरा बाहीकडे, एक कंबरेकडे ठेवून जोडा. ताण चौकोनाच्या तिरक्या धाग्यावर येतो, म्हणून कापड थोडं सैल देतं. हात खाली असताना तुकडा दिसतही नाही.

प्रश्न : फुग्याची बाही शिवली, पण फुगा उभा न राहता खांद्यावरून लोंबतो.

उत्तर : तुम्ही रुंदी वाढवली, उंची वाढवली नसणार. बाहीचा कागदी नमुना मधोमध उभा कापून ३ इंच फाका आणि गोलाव्याचा माथाही १ ते दीड इंच वर न्या. फुगायला कापड त्या उंचीतूनच मिळतं. चुण्यांसाठी लांब टाक्याच्या दोन समांतर शिलाया घालून खालचे दोरे ओढा. एकच शिलाई घातली तर चुण्या एका जागी गोळा होतात. चुण्या माथ्याच्या दोन्ही बाजूंना अडीच-अडीच इंचांतच ठेवा, काखेकडे नकोत. कापड मऊसूत असेल तर आतून ऑर्गंझाची (पातळ पण ताठ कापडाची) दुमडलेली पट्टी मुंढ्याच्या शिलाईत धरा. खांदाही अर्धा इंच आत घ्या, नाहीतर फुगा दंडावर उतरतो.

प्रश्न : पाकळी बाहीच्या (एकमेकींवर चढणाऱ्या दोन पाकळ्यांच्या बाहीच्या) कडा उघड्या पडतात.

उत्तर : पाकळ्या माथ्यावर एकमेकींवर कमी चढल्या आहेत. निदान ४ इंच चढू द्या, खांद्याच्या शिलाईच्या दोन्ही बाजूंना सारख्या. पाकळीची कड तिरकी असल्याने दुमडून शिवली तर ताणते आणि लाटा येतात. तिला पूर्ण अस्तर लावून उलटवा, आणि उलटवण्याआधी मायेला वळणावर छोटे छेद द्या.