पॅरिसमध्ये बूलव्हार ओस्मानजवळच्या छोट्या बागेत घुमट असलेलं एक चॅपल दिसलं. त्याचा इतिहास काय आणि तिकीट काढून आत जाण्यासारखं आहे का?

तुम्ही पाहिलंत ते शापेल एक्स्पियातवार, म्हणजे प्रायश्चित्तासाठी बांधलेलं चॅपल. ज्या बागेत ते उभं आहे तिला सोळाव्या लुईचंच नाव दिलेलं आहे. नुसतं चॅपल म्हणून बघायला गेलात तर दहा मिनिटांत बाहेर याल. ही मुळात दफनभूमी आणि वरची इमारत म्हणजे तिचं झाकण, असं धरून बघितलंत तर तास पुरणार नाही.

इथे मादलेन पॅरिशची दफनभूमी होती. ३० मे १७७० रोजी युवराज लुई (पुढे राजा सोळावा लुई) आणि मारी आंत्वानेत यांच्या लग्नानिमित्त, आज प्लास द ला काँकॉर्द म्हणतात त्या चौकात आतषबाजी झाली. तिथे चेंगराचेंगरी होऊन १३२ माणसं मेली, ती इथे पुरली गेली. पुढे फ्रेंच राज्यक्रांतीत त्याच चौकात शिरच्छेदाचं यंत्र, गिलोटिन, उभं राहिलं आणि ते नवराबायकोही इथेच आले: राजा २१ जानेवारी १७९३ रोजी, राणी १६ ऑक्टोबरला. क्रांतिकारक माराचा खून करणारी शार्लोत कोर्दे, स्त्रियांच्या हक्कांसाठी लिहिणारी ओलँप द गूज, पंधराव्या लुईची प्रेयसी मादाम द्यु बारी यांनाही इथेच मूठमाती मिळाली. मार्च १७९४ मध्ये ही दफनभूमी बंद झाली आणि पुढचे मृतदेह एरांसीच्या दफनभूमीत जाऊ लागले. क्रांतीचा पुढारी रोबेस्पिएर इथे पुरलेला आहे असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. तो जुलै १७९४ चा, म्हणजे एरांसीचा.

राजाच्या प्रेतावर चुनकळी टाकली होती. काही उरू नये आणि लोकांनी अवशेष नेऊन पुजू नयेत, हा हेतू. पण चुनकळी ओलावा शोषून विरते, मग हवेने घट्ट होऊन तिचा थर बसतो आणि कुजणं उलट मंदावतं. शेजारीच राहणारे देक्लोझो नावाचे राजनिष्ठ वकील होते. त्यांनी नंतर ही जमीन विकत घेतली, राजाराणीच्या जागेभोवती कुंपण घातलं, सायप्रस आणि विलोची झाडं लावली. ते नसते तर १८१५ साली कुठे खणायचं हे सांगणारं फारसं कुणी उरलं नसतं. राजाचा भाऊ अठराव्या लुईने सत्तेवर आल्यावर ही जमीन घेतली. १८ जानेवारी १८१५ रोजी राणीचे अवशेष सापडले, दुसऱ्या दिवशी राजाचे, आणि २१ तारखेला, राजाच्या स्मृतिदिनी, ते फ्रेंच राजांच्या दफनाच्या चर्चमध्ये, सँ-दनीच्या बॅसिलिकात, नेले. ओळख पटवली ती साक्षीदारांच्या आठवणीवर, चुन्याच्या थरावर आणि राणीच्या मोज्यांच्या पट्ट्यांवर. माझं मत विचाराल तर जागेबद्दल शंका घेण्यासारखं थोडं आहे, हाडांबद्दल बरंच.

मग चॅपल बांधलं. काम १८१५ ला सुरू होऊन १८२६ ला, दहाव्या शार्लच्या काळात, संपलं. खर्च अठरावा लुई आणि राजाराणीची वाचलेली मुलगी, आंगुलेमची डचेस, यांनी वाटून घेतला. वास्तुविशारद फोंतेन. हा नेपोलियनचा लाडका माणूस, आणि बूर्बों राजघराण्याने काम त्यालाच दिलं. पॅरिसमध्ये राजवटी बदलल्या तरी चांगला गवंडी बदलत नाहीत.

आत शिरल्यावर आधी पायऱ्या चढून एका उंचावलेल्या अंगणात येता. हा उंचवटा शोभेसाठी नाही. इथली माती बाहेर न्यायची नाही अशी अठराव्या लुईची आज्ञा होती, त्यामुळे ती इथेच राखली. दोन्ही बाजूंना आपल्याकडच्या देवळासारख्या ओवऱ्या आहेत. तिथली स्मारकं १० ऑगस्ट १७९२ रोजी त्युइलरी राजवाड्यात मारल्या गेलेल्या स्विस रक्षकांसाठी आहेत. पुढे घुमटाखाली दोन पुतळे: बोझिओने घडवलेला राजा आणि देवदूत, कोर्तोने घडवलेली राणी आणि तिला आधार देणारा ‘धर्म’. पुतळे सोडा, त्यांच्या खालचे चौथरे वाचा. राजाच्या चौथऱ्यावर त्याचं मृत्युपत्र कोरलं आहे. राणीच्या चौथऱ्यावर तिने शेवटच्या पहाटे नणंद एलिझाबेथला लिहिलेलं पत्र आहे. ते पत्र एलिझाबेथपर्यंत कधी पोचलंच नाही. पुढच्या मे महिन्यात तिलाही गिलोटिनवर चढवलं. खाली तळघरात काळ्यापांढऱ्या संगमरवराची वेदी आहे. राजाचे अवशेष सापडले ती नेमकी जागा तीच.

बाकीच्यांच्या हाडांचं काय झालं? ती कॅटॅकोंबमध्ये, म्हणजे पॅरिसखालच्या भुयारी अस्थिगृहात, हलवली असं बराच काळ सांगितलं जायचं. २०१८ मध्ये तळघराच्या खांबांमधल्या भिंती विचित्र वाटल्या, म्हणून दगड न काढता फटीतून बारीक कॅमेरा आत सोडला. फॉरेन्सिक पुरातत्त्वज्ञ फिलिप शार्लिए यांना आत लाकडी पेट्या आणि त्यांत माणसाची हाडं दिसली. २०२० मध्ये ही बातमी जगभर गेली. मात्र त्यात अमुक एक माणूस सापडला अशा ज्या गोष्टी फिरतात त्या बिनबुडाच्या आहेत. पेट्या असल्याचं कळलं, आतल्या माणसांची नावं नाहीत.

इमारत वाचली तीही थोडक्यात. मे १८७१ मध्ये पॅरिस कम्यूनने, म्हणजे शहरातल्या बंडखोर सरकारने, ती पाडण्याचा हुकूम काढला. त्याच महिन्यात नेपोलियनचा व्हाँदोम स्तंभ पाडलाही. इथे हात लागण्याआधी कम्यूनच कोसळलं. बाग मात्र १८६० च्या दशकातली, पॅरिसची नव्याने आखणी करणारा अधिकारी ओस्मान याच्या रस्तेबांधणीतली. तुम्हाला चॅपल एकदम झाडीत उघडं पडल्यासारखं वाटलं असेल, कारण मूळ रचनेत ते असं रस्त्यावरून दिसायचं नव्हतं. १९१४ पासून ते संरक्षित वास्तू आहे.

पत्ता २९, रू पास्किए. नऊ नंबरच्या मेट्रोने सँतोग्युस्तँला उतरा, किंवा सँ-लझारवरून चालत या. गॅलरी लाफाएतला खरेदीला जाणारे आपले लोक इथून हाकेच्या अंतरावरून परततात. उघडण्याचे वार मोजके असतात आणि बदलतात, म्हणून राष्ट्रीय स्मारक संस्थेच्या संकेतस्थळावर त्याच आठवड्याची वेळ बघून निघा; बाग उघडी आणि चॅपल बंद असं हमखास होतं. मजकूर फ्रेंच आहे, तेव्हा राजाचं मृत्युपत्र आणि राणीचं पत्र आधी इंग्रजीत वाचून जा.