मुलांशी मॅच लावायच्या आधी बाकीच्या मुलींना फोन कर

प्रिय पोरी,

तुझा मेसेज वाचून आधी बरं वाटलं की तू तो सिनेमा बघितलास, आणि मग राग आला, कारण त्यातून तू नेमकं उलटं उचललंस. तुमच्या बॅडमिंटनच्या ओपन टुर्नामेंटला मुलींच्या फायनलचं बक्षीस मुलांच्या निम्मं, तू विचारायला गेलीस तर आयोजक म्हणाले आमच्या मुलांपैकी एकाला हरवून दाखव मग देतो सारखं, आणि 'बॅटल ऑफ द सेक्सेस' बघून तू ठरवलंस की हो म्हणायचं. अमेरिकेची टेनिसपटू बिली जीन किंग १९७३ मध्ये बॉबी रिग्ज ह्या जुन्या विम्बल्डन विजेत्याशी खेळून जिंकली, तिने केलं तर मी का नको. आणि त्याच मेसेजमध्ये खाली विचारतेस, पण ताई, बॉबी रिग्ज ५५ वर्षांचा आणि ती २९ ची, मग सिद्ध काय झालं? म्हणजे तुझं तुलाच पटलेलं नाहीये.

ताकदीबद्दल काहीही सिद्ध झालं नाही. ते सिद्ध करायला ती गेलीच नव्हती. बायका पुरुषांपेक्षा भारी खेळतात असा तिचा दावाच नव्हता गं, तिचं म्हणणं होतं की आमच्याही मॅचला लोक तिकीट काढून येतात, मग आमचे पैसे कुठे जातात. रिग्ज तिच्या मागे लागला होता तेव्हा तिने आधी नकोच म्हटलं होतं. मार्गारेट कोर्ट, ऑस्ट्रेलियाची मोठी खेळाडू, हो म्हणाली, मे १९७३ मध्ये, मदर्स डेला, आणि ६-२, ६-१ अशी हरली. एकटी गेली, एक दिवसाची मॅच समजून गेली, आणि तिच्या हरण्याचं खापर सगळ्या बायकांच्या टेनिसवर फुटलं. त्यानंतर बिली जीनला जावंच लागलं. तुझ्यावर अशी वेळ आलेली नाही, तू आपल्या पायाने चाललीयेस.

आता जे सिनेमात पटकन येऊन जातं आणि लोक विसरतात ते ऐक. १९७० साली लॉस एंजेलिसच्या पॅसिफिक साउथवेस्ट स्पर्धेत पुरुषांच्या विजेत्याला १२,५०० डॉलर आणि बाईला १,५००. आठपटीहून जास्त फरक! स्पर्धा जॅक क्रेमरच्या हातात, तो ऐकेना. तेव्हा बिली जीनने क्रेमरशी मॅच लावली नाही. ती, रोझी कझाल्स, नॅन्सी रिची, ज्युडी डाल्टन अशा मिळून नऊ जणी ग्लॅडिस हेल्डमनकडे गेल्या, ही बाई 'वर्ल्ड टेनिस' मासिक चालवायची, तिने ह्यूस्टनला बायकांची वेगळी स्पर्धा उभी केली, आणि नऊ जणींनी प्रत्येकी एक डॉलर घेऊन करारावर सह्या केल्या. अमेरिकेच्या टेनिस असोसिएशनने निलंबनाची धमकी दिली तरी केल्या. डाल्टन आणि केरी मेलव्हिल तर ऑस्ट्रेलियाच्या, त्यांना घरी परत गेल्यावर काय होईल ह्याची भीती वेगळीच. स्पॉन्सर सिगारेटची कंपनी होती, मला ते आजही आवडत नाही, पण दुसरं कोण पैसे द्यायला उभं होतं सांग.

सगळ्या आल्या नाहीत हेही लक्षात ठेव. ख्रिस एव्हर्ट, केवढी मोठी खेळाडू, सुरुवातीला असोसिएशनच्याच सर्किटवर खेळत राहिली. तरी ह्या नऊ जणी थांबल्या नाहीत. सगळ्या येईपर्यंत थांबायची गरज नसते पण एकटीने जायचं नसतं. एकटी जाऊ नकोस, हे मी तुला आज दहा वेळा सांगणार आहे, कंटाळलीस तरी ऐक.

पुढे जून १९७३, विम्बल्डनच्या तोंडावर, लंडनच्या ग्लॉस्टर हॉटेलात साठेक खेळाडू एका खोलीत. बिली जीनने बेटी स्टोव्हला, म्हणजे डच खेळाडू, चांगली उंचीपुरी, सांगितलं दार लाव आणि ठरेपर्यंत कुणाला बाहेर सोडू नकोस. त्या खोलीतून संघटना घेऊनच त्या बाहेर पडल्या, बायकांच्या टेनिसची, आज जी डब्ल्यूटीए म्हणतात ती. मला विचारशील तर हा सगळ्यात मोठा सीन, स्टेडियममधल्या मॅचपेक्षा मोठा.

आणि तारखा बघ जरा, तारखा कुणी बघतच नाही! १९७२ ला बिली जीन यूएस ओपन जिंकली तेव्हा तिला १०,००० डॉलर आणि पुरुषांच्या विजेत्याला, नास्तासेला, २५,०००. तिने सांगून टाकलं, पुढच्या वर्षी सारखं नसेल तर येणार नाही, आणि बाकीच्याही येतील असं वाटत नाही. १९७३ ला दोघांना २५,०००. आणि तो पहिला बरोबरीचा चेक कुणी घेतला? मार्गारेट कोर्टने, जी मे महिन्यात रिग्जकडून हरली होती तिनेच. ही स्पर्धा सप्टेंबरच्या सुरुवातीला संपली आणि बिली जीन-रिग्ज मॅच २० सप्टेंबरची. म्हणजे यूएस ओपनचे पैसे आधी सारखे झाले, मॅच नंतर. पुरुषाला हरवून दाखवलं म्हणून ते मिळाले नाहीत, तर ही बाई एकटी बोलत नाहीये हे समोरच्याला दिसलं म्हणून मिळाले. विम्बल्डनने तर २००७ पर्यंत वेळ लावला, मॅच जिंकून सगळं सुटत असतं तर ३४ वर्षं कशाला लागली असती?

मॅच मोठी होतीच, मी नाही म्हणत नाही. ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोम स्टेडियममध्ये ३०,४७२ माणसं, जिंकेल त्याला एक लाख डॉलर, पाच सेटची मॅच. पहिल्या सेटमध्ये ती मागे होती, मग तिने आपला नेहमीचा नेटवर धावायचा खेळ बाजूला ठेवून मागून रॅली लांबवल्या, त्याला इकडून तिकडे पळवला, आणि ६-४, ६-३, ६-३. सिनेमात बिली जीन झालेल्या एमा स्टोनच्या चेहऱ्यावर तो ताण छान दिसतो. पण ती हरली असती तरी मागे संघटना होती. तू हरलीस तर काय आहे? पुढची दहा वर्षं त्या हॉलमध्ये प्रत्येक मुलीला ऐकवतील, खेळून दाखवलं की तिने, हरली. आणि जिंकलीस तर म्हणतील मुलगा फॉर्ममध्ये नव्हता. तुला हे दिसत कसं नाही?

आणि तुमचं तर बॅडमिंटन, मुलं-मुली दोघांनाही तीनच गेम आणि एकवीसच पॉइंट, टेनिसवाल्यांना निदान पाच सेट आणि तीन सेट असं बोलायला तरी काहीतरी होतं. मुलींना एन्ट्री फी निम्मी आहे का? नाही ना. मग हेच विचारायचं. तुझा स्मॅश किती जोरात जातो हा विषयच नाही. कुणी म्हणेल बीसीसीआयने २०२२ मध्ये बायकांना पुरुषांइतकी मॅच फी दिलीच की, टेस्टला १५ लाख. दिली, आणि आनंद आहे, पण वार्षिक कराराच्या रकमा अजून सारख्या नाहीत हेही त्यांना सांग.

तू म्हणशील ताई, तुम्ही पण एकट्याच गेला होतात. गेले होते. आमच्या वेळी मुलांना रोख पाकीट आणि आम्हाला डिनर सेट, मी स्टेजवर तो घेतला नाही आणि माइकवरच विचारलं का म्हणून. आदल्या रात्री माझ्यापेक्षा जास्त चिडलेल्या मैत्रिणी समोर खुर्च्यांवर बसून होत्या. पुढच्या सिलेक्शनला माझं नाव नव्हतं, कारण कुणी सांगितलं नाही. लोक अजून म्हणतात तिने भांडून खेळ घालवला. मी काही घालवलं नाही. समारंभ तासाभरावर होता, कुणाकुणाला समजावत बसणार होते? गप्प बसले असते तर दुसऱ्या वर्षी पण तोच डिनर सेट आला असता, आणि दुसऱ्या वर्षी मुलींना पाकीटच मिळालं, लहान का होईना. मी बरोबर होते आणि आजही तेच करीन. सलतं ते एवढंच की एक जरी खुर्चीतून उठली असती तर मी अजून काही वर्षं खेळले असते. मी काही सिलेक्शनवाल्यांपुढे रडत गेले नाही आणि त्याचा मला अभिमान आहे, पण ते खेळायचे दिवस गेले ते गेलेच. तुझे जाऊ नयेत म्हणून ओरडतेय तुझ्यावर.

सिनेमात बिली जीनचं अजून एक एकटेपण आहे, तिचं एका बाईवर प्रेम होतं आणि ते कुणाला सांगता येत नव्हतं. १९८१ मध्ये कोर्टकेस होऊन ते बाहेर आलं तेव्हा तिचे स्पॉन्सर भराभर गेले. काही गोष्टी माणसाला एकट्याने सोसाव्या लागतात, तिथे मी तुला काय सांगणार. पण बक्षिसाची रक्कम ही त्यातली गोष्ट नाही. ती सगळ्यांची आहे, तर सगळ्यांनी मागायची.

तेव्हा आयोजकांना आज काहीच उत्तर देऊ नकोस. मेन ड्रॉमधल्या मुलींची यादी काढ, ज्युनियरच्या पोरींनाही विचार, त्यांच्या आयांनाही, आया फार कामाच्या असतात. एक अर्ज लिहा, चार ओळींचा, एन्ट्री फीच्या पावत्या जोडा, आणि खाली सगळ्यांच्या सह्या. कुणी घाबरली तर तिच्यावर चिडू नकोस, पुढच्या वेळी येईल. रविवारी माझ्याकडे या, मसुदा मी बघते, पण तू एकटी येणार असशील तर येऊ नकोस, निदान दोघींना घेऊन ये. आणि ह्या गडबडीत सकाळची प्रॅक्टिस बुडवू नकोस, तुझी शॉर्ट सर्व्हिस अजून उंच जातेय.

तुझी,
ताई