सौना, सोना आणि हमामातला तास

गंगापूर रोडवरच्या एका ताईंनी विचारलंय: सोसायटीच्या क्लबहाउसात गरम खोली बांधली आहे आणि दारावर मराठी पाटी हवी आहे. समितीपुढे तीन सूचना आल्या. 'सोना बाथ', 'बाष्पस्नानगृह' आणि 'जेंताक'. यातलं बरोबर कुठलं? खोलीबरोबर आलेल्या लाकडी बादलीला, लांब दांड्याच्या पळीला आणि पानांच्या 'झाडू'ला काय म्हणायचं? शिवाय सौना 'घेतात' की 'करतात'?

'सोना बाथ' आधी निकालात काढतो, कारण तो ऐकून ऐकून कान किटले आहेत. कुणाला सोन्याचीच आंघोळ हवी असेल तर त्यांनी सराफ बाजारात चौकशी करावी. शब्द फिनलंडचा आहे आणि तिथे त्याचा उच्चार 'साउना'च्या जवळ जातो. मराठी 'औ' आपण 'मौन', 'चौक' यांत नीट उच्चारतो. तसाच तो इथेही उच्चारला की झालं. 'सौना' लिहायचं आणि 'सौना' वाचायचं. 'सॉना' हा उच्चार हिंदीच्या 'औ'वरून आणि इंग्रजी बोलणाऱ्यांकडून आपल्याकडे आला. तो आपण का पत्करावा? (नाशिककरांना एकच धोका आहे. आपल्याकडे 'सावाना'ला जातो म्हणणारा माणूस सार्वजनिक वाचनालयात पुस्तक बदलायला जात असतो. १८४० पासूनची संस्था आहे, तिथे घाम फुटलाच तर तो पुस्तकांच्या धुळीनं.)

'बाष्पस्नान' हा शब्द चांगला आहे, पण इथे चुकीच्या दारावर लागतोय. वाफेची खोली वेगळी. तिथे तापमान साधारण ४५ अंशांच्या आसपास असतं आणि हवा वाफेनं गच्च भरलेली असते. सौनात पारा ८० ते १०० अंशांवर जातो, पण हवा कोरडी असते. म्हणून तर माणूस तिथे बसू शकतो. घाम येतो, लगेच उडून जातो आणि जाताना कातडी थंड ठेवतो. त्याच तापमानाला हवा वाफेनं भरली असती तर आत बसलेला माणूस भाजून निघाला असता. भट्टीवर दगड रचलेले असतात, त्यांच्यावर अधूनमधून पळीभर पाणी टाकतात आणि तेवढ्यापुरती एक वाफेची लाट उठते. फिनिश भाषेत त्या लाटेला 'ल्यॉयल्यू' म्हणतात. या शब्दाचा जुना अर्थ श्वास, प्राण असा आहे. हंगेरियन भाषेतला त्याचा भाऊबंद 'लेलेक' आजही 'आत्मा' याच अर्थानं चालतो. ज्या देशात सुमारे ५५ लाख माणसं आणि ३० लाखांच्या घरात सौना आहेत, त्यांनी दगडावरच्या वाफेला प्राण म्हणावं यात मला तरी नवल वाटत नाही. २०२० मध्ये युनेस्कोनं त्यांच्या सौनासंस्कृतीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. तेव्हा पाटीवर 'सौना' एवढंच लिहा. पुढे 'बाथ' जोडण्याचीही गरज नाही.

आता जेंताक. ही सूचना देणारे गृहस्थ संस्कृतचे चांगले जाणकार असणार, म्हणून त्यांच्याशी भांडताना मजा येईल. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चौदावा अध्याय स्वेदाचा आहे. त्यात अग्नीच्या मदतीनं घाम काढण्याचे तेरा प्रकार दिले आहेत आणि जेंताक त्यातलाच एक. जलाशयाच्या काठी, पाण्यापासून सात-आठ हातांवर गोल खोली बांधायची. भिंतीला मातीचा लेप, भिंतीलगत आतून फिरणारा बसायचा कट्टा, मधोमध बारीक भोकांची मातीची भट्टी आणि तिच्यात खैराची लाकडं. धूर निघून गेला, निखारे उरले, की अंगाला तेल लावून आत जायचं. हा थेट सौनाच आहे हे मला मान्य. बौद्ध विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमग्रंथात, त्यांच्यासाठी 'जंताघर' येतं, तेही याच गोत्रातलं. पण पाटीला तो शब्द नको. एक तर वॉचमनपासून चेअरमनपर्यंत कुणालाच तो कळणार नाही आणि लोक त्याला जंताचं औषध मिळण्याची जागा समजतील. दुसरं, दोन्हींची शिस्त वेगळी आहे. फिनिश माणूस सौनातून निघतो तो थेट तळ्यात उडी मारतो, हिवाळ्यात बर्फ फोडूनसुद्धा. चरक मात्र बजावतो की बाहेर आल्यावर डोळ्यांच्या रक्षणासाठी एकदम थंड पाण्याला हात लावू नये, मुहूर्तभर थांबून कोमट पाण्यानं आंघोळ करावी. क्लबहाउसात शेजारीच पोहण्याचा तलाव असेल तर जेंताक लिहून चरकाला कशाला खजील करता?

जुनाच शब्द काढायचा तर तो आपल्या डोंगरावरून काढावा. पांडवलेण्यांत, दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात, क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. लेणं आणि 'पोढी' करवल्याचं त्यात सांगितलंय. पोढी म्हणजे पाण्याचं टाकं. त्याच लेखात तो सांगतो की पुष्करला जाऊन मी अभिषेक केला, तीन हजार गाई आणि एक गाव दान दिलं. बघा, नाशकाच्या दगडावर कोरलेली आंघोळ, आणि तीसुद्धा पुष्करची! गोदावरी एवढी जवळ असून. असो.

सामानाकडे वळू. फिनिश सामानाला फार डोकं चालवायला नको. बादली ती बादलीच. हाही शब्द पोर्तुगीजांकडून आलेला, पण आता घरचाच. पळीला मी 'पळी' म्हणणार नाही, कारण पळी आचमनाची असते. हे खोलगट, लांब दांड्याचं आहे, म्हणजे आमटी वाढायचं ओगराळं. 'झाडू'वर ताईंनी स्वतःच शंका घेतली आहे. ती बर्चच्या पानेरी डहाळ्यांची जुडी असते आणि तिनं अंगावर हलके फटके मारतात. पश्चिम फिनलंडात तिला 'विहता' म्हणतात, पूर्वेला 'वास्ता', आणि दोन्हीकडचे लोक यावरून हिरिरीनं वाद घालतात. रशियन तिला 'वेनिक' म्हणतात आणि 'वेनिक'चा अर्थ चक्क झाडू. तेव्हा समितीतला झाडूवाला अगदीच चुकला नाही. तरी मराठीत 'जुडी' म्हणा. बर्च म्हणजे भूर्ज, दोन्ही शब्द एकाच मुळाचे. भूर्जाची जुडी म्हटलं की सोसायटीतल्या आजोबांनाही बरं वाटेल.

पण खरी मौज तुर्की हमामाच्या सामानात आहे. त्याबद्दल कुणी विचारलेलं नाही, म्हणून मीच सांगतो. 'हमाम' अरबी, तापवणे या अर्थाच्या धातूपासून झालेला. ('हमाल'ही तिथलाच, असं एका व्याख्यानात छातीठोकपणे सांगितलेलं मी ऐकलंय. साफ चूक. हमालाचा धातू वेगळा, त्याचा अर्थ वाहून नेणे. पहिली दोन अक्षरं जुळली म्हणून नातं जुळत नाही.) हमामात अंग चोळायला खरखरीत कापडाची पिशवी हातात घालतात, ती 'केसे'. फारसी 'कीसा', म्हणजे पिशवी. आपल्या सदऱ्याचा 'खिसा' तो हाच. ओल्या संगमरवरावर पाय घसरू नये म्हणून लाकडी खडावा घालतात, त्या 'नालिन'. मूळ अरबी 'नअल' म्हणजे पायताण. ते आपल्याकडे घोड्याच्या पायात गेलं आणि 'नाल' झालं. आणि तिथे डोक्यावर पाणी ओतायला तांब्याचं किंवा पितळेचं पसरट वाडगं असतं. त्याचं नाव 'तास'.

हो, तास. साठ मिनिटांचा.

इथे लोक भुवया उंचावतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आपल्याकडे वेळ पाण्यानं मोजत. घंगाळात पाणी भरायचं आणि बुडाला बारीक भोक असलेलं वाटीसारखं पात्र त्यावर सोडायचं. पात्र भरून बुडालं की एक घटका झाली, म्हणजे २४ मिनिटं. म्हणून तर घटका 'भरते'. लग्नात मुहूर्तासाठी अशीच घटिकापात्रं ठेवत आणि त्यांच्याखाली असायचं ते आंघोळीचंच घंगाळ. बाबरानं आपल्या आत्मवृत्तात हिंदुस्थानातल्या या पद्धतीचं वर्णन केलंय: टांगलेली जाड पितळी थाळी, पाण्यात सोडलेलं भोकाचं पात्र, ते भरलं की थाळीवर ठोके. त्याच्याही आधी, चौदाव्या शतकात, फिरोजशाह तुघलकानं फिरोजाबादेत असंच यंत्र बसवलं होतं. त्याचं नाव इतिहासात नोंदलेलं आहे: 'तास-ए-घडियाल'. आता सांगा, पात्राचं नाव तास, ठोक्याच्या थाळीचंही नाव तास, मग त्या ठोक्यांनी मोजलेल्या वेळेचं नाव दुसरं काय असणार? अडीच घटकांचा एक तास असा हिशेब बसला आणि वाडगं घड्याळात गेलं.

यावर विद्वानांचा एक वर्ग लगेच 'तासणे' पुढे करतो. दिवसाचे तासून तुकडे केले, ते तास. इतिहासाचार्य राजवाड्यांच्या वळणाची ही हौस आपल्याकडे अजून जिवंत आहे: समोर फारसी शब्द धडधडीत उभा असला तरी त्याच्या खांद्यावरून वाकून मागे संस्कृत धातू शोधायचा. तासल्यावर ढलप्या निघतात. ढलप्यांनी दिवस मोजणारा माणूस अजून माझ्या पाहण्यात नाही. शेतातला तास, म्हणजे नांगराची रेघ, ती खुशाल 'तासणे'कडे द्या. ती त्यांचीच आहे. दोन शब्द दिसायला सारखे, एवढंच. ठोक्याचा तास मात्र मी सोडणार नाही.

तरी त्यांच्यासाठी एक खाऊ ठेवतो, आणि मला सगळ्यात जास्त आनंद इथेच होतो. अरबी 'तास' हा मूळचा अरबी नव्हेच. तो इराणातून गेला. फारसी 'तश्त' म्हणजे मोठं पसरट भांडं, आपल्याकडे हात धुवायचं 'तस्त' म्हणून आलेलं. त्याच्या मागे अवेस्ता या पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथातला 'तश्त', म्हणजे घडवलेलं पात्र. आणि अवेस्तातला तो 'तश्' धातू म्हणजे संस्कृतातला 'तक्ष्': तासणे, घडवणे. म्हणजे तासणेवाले उत्तरापर्यंत पोचले, पण इराण आणि अरबस्तान वळसा न घालता, भिंत फोडून. गणितात याला गुण देत नाहीत. तेच भांडं अरबांकडून युरोपात गेलं. इटलीत 'तात्सा' आणि फ्रान्समध्ये 'तास' म्हणजे कप. पॅरिसमध्ये कुणी कॉफीचा एक तास मागवला तर हसू नका.

आणि नाशिकमध्ये राहून मी ताशाबद्दल बोललो नाही तर ढोलपथकं मला गावात राहू देणार नाहीत. ताशाचा आकार बघा. तांब्याचं उथळ वाडगं आणि त्यावर ताणून बसवलेलं कातडं. फारसीत 'तासा' म्हणजे असाच छोटा नगारा. मिरवणुकीत ढोलापुढे कडाडतो तो हमामातला पाण्याचा वाडगाच, फक्त त्याचं तोंड बांधलंय. माझे एक मित्र ताशाला ध्वन्यनुकारी मानतात, 'ताड ताड' वाजतो म्हणून ताशा. मग ढोल 'ढो ढो' वाजतो म्हणायचं का?

बरं, ताईंचा शेवटचा प्रश्न राहिला. आंघोळ करतात, शेक घेतात, वाफ घेतात. सौना ही खोली आहे, म्हणून सौनात 'बसतात'. 'सौना घेतला' हे इंग्रजीवरून उचललेलं आहे, तो पाटीखालच्या सूचनांत तरी येऊ देऊ नका. 'सौनात १५ मिनिटांपेक्षा जास्त बसू नये' असं लिहा. खाली 'दगडांवर ओगराळ्यानंच पाणी टाकावे, बादली उपडी करू नये' हेही लिहून टाका, कारण कुणीतरी करणारच.