मोठ्यांच्या वर्गात काय शिकवायचं?

प्रश्न: शरणपूरला आमच्या चर्चमध्ये मोठ्यांचा बायबल क्लास माझ्याकडे आलाय, सगळे माझ्याहून मोठे. तुम्ही इतकी वर्षं थिऑलॉजी शिकवताय, काय शिकलात? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: आधी ऐकून घ्यायला शिकले. बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकात बघा ना, मुलंबाळं, सगळं गमावलेला हा माणूस, त्याचे मित्र ७ दिवस ७ रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसले तोवर ठीक होतं, मग तोंड उघडलं आणि दुःखाची कारणं सांगत सुटले, शेवटी ४२व्या अध्यायात देव त्यांच्यावरच रागावतो. ज्या काकूंचा मुलगा गेलाय त्यांना हे समजावावं लागत नाही हो. ३ऱ्या अध्यायातला ईयोबाचा आक्रोश त्यांनाच मोठ्याने वाचायला द्या, मूळ हिब्रू भाषा-बिषा नंतर. आणि क्लास जरा उशिरा ठेवा, सातपूरहून शिफ्ट करून माणसं थकून येतात.